तो फोटो कान्होजी आंग्र्यांच्या काळातला नाही!

सोलापुरात सगळ्या ग्रुपवर फिरणारा एक फोटो आठवीतल्या माझ्या पुतण्यानं शाळेच्या शिवजयंती प्रदर्शनासाठी तक्त्यावर चिकटवला, म्हणून हे लिहितोय. वाळूत रुतून कललेलं शिडाचं अवाढव्य जहाज. खाली मजकूर: ‘1720, विजयदुर्ग. कान्होजी आंग्र्यांनी तोफांनी फोडलेलं इंग्रजांचं लाकडी जहाज. एकही गोरा वाचला नाही. हा इतिहास दडवला गेला.’

अहो, 1720 साली फोटो काढला कशानं? कॅमेऱ्यानं टिपलेलं आज टिकून असलेलं सर्वांत जुनं चित्र फ्रान्सच्या निएप्सचं, 1826-27 च्या सुमाराचं. कान्होजी 1729 सालीच गेले. एवढं तरी बघायचं होतं पाठवणाऱ्यानं!

हे जहाज ‘पीटर आयरडेल’. 1890 साली इंग्लंडमधल्या मेरीपोर्टला बांधलेलं, चार डोलकाठ्यांचं आणि पोलादी. मेक्सिकोहून पोर्टलंडला गहू भरायला निघालेलं हे जहाज 25 ऑक्टोबर 1906 ला अमेरिकेतल्या ऑरेगॉनच्या किनाऱ्यावर, कोलंबिया नदीच्या मुखाजवळ, वाऱ्याच्या तडाख्यानं वाळूत घुसलं. कुणी तोफ डागली नाही, कुणी मेलंही नाही. सगळे खलाशी सुखरूप उतरले. सांगाडा फोर्ट स्टीव्हन्स उद्यानाच्या किनाऱ्यावर आजही आहे. ऑरेगॉनच्या उद्यान विभागाची माहिती उघडा आणि त्या गंजक्या फासळ्या बघा. लाकूड गंजत नसतं.

आता ‘दडवलेला इतिहास’. आंग्र्यांच्या आरमारानं इंग्रजांना जेरीस आणलं, हे खरंच आहे. 1721 साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून अलिबागच्या कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परतले. त्यासाठी परक्या जहाजाचा फोटो कशाला लागतो? आंग्र्यांच्या गुराबा (मोठी लढाऊ जहाजं) आणि गलबतं लाकडी, त्यातली गलबतं तर वल्ह्यांवरही पळायची. वारा पडला की मोठं शिडाचं जहाज जागेवर अडकायचं आणि ही गलबतं वल्हवत येऊन त्याला घेरायची. पोरांना हे शिकवा ना! उद्या कुणी वर्गात तो फोटो खोटा ठरवला, की पोरं कुलाब्याची लढाईही थापच समजतील. माझा राग आहे तो यासाठी.

आणि खरोखर कुणी बोलत नाही ते 1756 बद्दल. कान्होजींचा मुलगा तुळाजी आंग्रे, त्याच्याविरुद्ध पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली, वॉटसन आणि क्लाइव्ह हे इंग्रज सेनानी विजयदुर्गावर आले आणि आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळालं. मंडळांनी फ्लेक्सवर हे छापावं.