वर दोनशे रुपये

रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी माझ्या होडीसाठी भंगारवाला पाठवला. मला न विचारता. आणि तोही नेमका मी रेझिनमध्ये, म्हणजे फायबरच्या चिकट द्रवात, तो घट्ट करणारा हार्डनर घातल्यावर.

होडी म्हणजे एंटरप्राइज. जॅक होल्ट नावाच्या इंग्रज गृहस्थांनी १९५६ साली आखलेली, १३ फूट ३ इंच लांबीची, दोघांनी चालवायची, निळ्या शिडांची. आपल्याकडच्या क्लबांमध्येही कित्येकांचा शिडाशी पहिला झगडा हिच्यावरच झालेला असतो. माझी फायबरची आहे, एका क्लबाने मोडीत काढलेली, आणि सध्या वाशीत आमच्या इमारतीखाली माझ्याच पार्किंगमध्ये (हे ‘माझ्याच’ जरा जोरात वाचा) दोन जुन्या टायरांवर पालथी पडली आहे. तळाला मागच्या बाजूस हाताचा पंजा जाईल एवढं भगदाड आहे. ते बुजवायचं काम चालू आहे.

या कामात भगदाड आधी मोठं करावं लागतं, हे बघ्यांना पटत नाही. कडेचा भाग चार मिलिमीटर जाड असेल तर त्याच्या बारापट रुंद, म्हणजे पाचेक सेंटिमीटर, उतार चारही बाजूंनी ग्राइंडरने घासून काढायचा. तरच नवी मॅट, म्हणजे काचतंतूंची चटई, जुन्याला धरते. येणारे-जाणारे म्हणतात, ‘अरे, हा तर आणखी फाडतोय!’ घासताना काचेची पूड उडते. मे महिन्यात फुल बाह्यांचा शर्ट, मास्क, गॉगल, मनगटाला टेप एवढं करूनही ती नको तिथे पोचते आणि खाज सुटते. आमच्या घरात माझे कपडे हल्ली वेगळ्या बादलीत भिजतात आणि मीही शक्यतो वेगळाच बसतो.

हार्डनर पडला की थांबता येत नाही. शेकडा दीड-दोन भाग रेझिनमध्ये ढवळले की मुंबईच्या उकाड्यात हातात पंधरा-वीस मिनिटं असतात. तेवढ्यात मॅट बसवायची, ब्रशने ठोकून ठोकून भिजवायची, रोलर फिरवून आतली हवा काढायची. शिवाय रेझिन आपल्याच उष्णतेने तापतं. मगात जितकं जास्त, तितकी त्याला घाई. हे सगळं पावसाच्या आत उरकायचं, कारण दमट हवेत हे काम नीट घट्ट होत नाही आणि जूनमध्ये वाशीत तर भिंतींनाही घाम फुटतो.

तर मी पहिली मॅट लावून ब्रश बुडवतोय, एवढ्यात मागून आवाज आला.

“शेठ, हीच काय ती?”

वळून बघतो तर खांद्यावर गोणपाट, हातात काटा आणि सुतळीला बांधलेलं गोल लोहचुंबक. गृहस्थाने माझ्या होरपळलेल्या अवताराकडे दुर्लक्ष करून होडीच्या पाठीवर बोटाच्या पेराने टकटक केलं आणि कान लावला. डॉक्टरही इतक्या गंभीरपणे छाती तपासत नाहीत.

“पत्रा नाय.”

“फायबर आहे.”

“फायबरचं काय येत नाय.”

“मला विकायचीच नाही.”

“तेच सांगतो. इकली तरी काय येत नाय.” मग त्याने मला भंगाराची उतरंड समजावली. वर तांबं, मग पितळ, मग अॅल्युमिनियम, लोखंड, प्लास्टिक, रद्दी. काचसुद्धा घेतो, बाटली असेल तर. “पण ह्याच्यात काच हाय आन् बाटली नाय.”

शास्त्र म्हणून सांगतो, माणूस शंभर टक्के बरोबर होता. हे रेझिन एकदा घट्ट झालं की वितळवून पुन्हा ओतता येत नाही. आणि त्यातली काच सोडवून घेण्याचा खर्च काचेच्या मोलापेक्षा जास्त. म्हणून तर जगभरच्या किनाऱ्यांवर जुन्या फायबरच्या बोटी बेवारस पडलेल्या असतात. पण शास्त्र बरोबर असलं तरी रविवारी सकाळी, ब्रश हातात असताना, ते ऐकवायची गरज नव्हती.

“मग निघा तुम्ही,” मी म्हटलं.

“असं कसं? सेक्रेटरी साहेब बोलले, घेऊन जा. नेतो की. मजुरी लागंल. टेम्पो वेगळा, कापायचे वेगळे.”

“कापायचे?”

“चार तुकडे तरी करावे लागतील. अख्खी कशी जानार गेटातनं?”

“अख्खीच आली होती गेटातून!”

“तवा येत होती. आता जायची हाय,” तो म्हणाला. यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

मी दुसरी मॅट उचलली. तो मात्र चुंबक झुलवत होडीभोवती प्रदक्षिणा घालू लागला. कड्यांना लावलं, चिकटलं नाही. “स्टील भारी हाय,” अशी नोंद झाली. माझ्या ग्राइंडरला लावलं. तिथे चिकटलं आणि थोडा वेळ तसंच राहिलं, ते मला आवडलं नाही. मग भिंतीला टेकवलेल्या डोलकाठीला लावलं. चुंबक घसरून खाली आलं आणि त्याचा चेहरा उजळला.

“शेठ! हा पाइप अॅल्युमिनियम हाय!”

“पाइप नाही, डोलकाठी आहे. त्याच्यावर शीड चढतं.”

“किलोला १४० देतो.”

“अहो, तिच्याशिवाय होडी चालेल कशी?”

“होडी तर आपन कापतोय ना?”

तो खाली बसला, काडीने धुळीत आकडे मांडू लागला. पाइपाचे इतके. त्यातून टेम्पो वजा, कापणावळ वजा, दोन माणसांचा चहा-नाश्ता वजा. बराच वेळ हिशेब चालला. मी दोनदा ‘नको’ म्हटलं, पण आकडेमोडीत व्यत्यय नको म्हणून त्याने हात वर करून मला थांबवलं. शेवटी मान वर करून तो समजुतीने म्हणाला, “पाइप मला ऱ्हाऊ द्या. होडी मी नेतो. वर तुमी फकस्त २०० रुपये द्या.”

थोडक्यात, माझी होडी, माझी डोलकाठी आणि माझे दोनशे रुपये, असं मिळून तो माझ्यावर उपकार करणार होता.

तेवढ्यात मगाकडे लक्ष गेलं. रेझिन खरवसासारखं थरथरत होतं. ब्रश घालेपर्यंत ते थरथरणंही थांबलं, मग तडतडलं, धूर निघाला आणि प्लास्टिकचा मग एका बाजूला मान टाकून वाकला. दोघेही मागे सरलो. वास असा की दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी ‘गॅस, गॅस’ म्हणून खिडकीतून आरोळी दिली. दुसरी मॅट कोरडीच हातात राहिली. धूर ओसरल्यावर त्याने वाकून त्या पिवळ्या गोळ्याकडे आणि त्यात उभ्या राहिलेल्या माझ्या नव्या ब्रशकडे पाहिलं.

“ह्याचं पण काय येत नाय,” तो म्हणाला आणि निघून गेला.

आता जरा मनातलं बोलतो. आमच्याच पार्किंगमध्ये एक मोटार कित्येक वर्षं जागची हललेली नाही. चारही टायर बसलेत, कव्हराखाली मांजरीची बाळंतपणं होतात. तिच्याबद्दल नोटीस नाही, कारण ती ‘गाडी’ आहे. जिन्याखाली एक ट्रेडमिल आहे, तिच्यावर लोक छत्र्या वाळत घालतात. अडचण फक्त होडीची. बरं, होडीचं वावडं असावं तर तेही नाही. १९ फेब्रुवारीला याच गेटावर ‘आरमाराचे जनक’ असा फलक लागतो, त्यावर शिडं फुगवलेली गलबतं असतात आणि त्यांच्या शेजारी फेटा बांधलेले सेक्रेटरी. २०२२ मध्ये नौदलाच्या निशाणावर महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी चौकट आली, तेव्हा ग्रुपवर आठवडाभर अभिमानाचा पूर होता. मीही हात जोडले होते. पण किनाऱ्याची लांबी शाळेत पाठ करून घेणाऱ्या राज्यात, खाडीपासून हाकेच्या अंतरावर, एका माणसाने खरीखुरी शिडाची होडी दुरुस्त करायला काढली की तिच्या किमतीची चौकशी भंगारवाल्याकडे होते. फ्लेक्सवरची गलबतं चालतात. त्यांना पार्किंग लागत नाही.

संध्याकाळी सेक्रेटरींचा फोन आला. मला वाटलं, दिलगिरी.

“तुम्ही ते फायबरचं करता ना? आपली गच्चीवरची टाकी गळतेय. काँट्रॅक्टर आतून फायबरचं अस्तर मारायचं म्हणतोय, पण आकडा अवाच्या सवा आहे. तुमच्याकडे सामान आहेच.”

मी म्हटलं, पिण्याच्या पाण्याला वेगळं रेझिन लागतं, हे चालणार नाही, चहाला वास येईल.

“आम्ही पाणी उकळून घेतो,” ते म्हणाले.

मी म्हटलं, ठीक आहे, योग्य ते रेझिन तुम्ही आणा, मजुरी मी घेत नाही. फक्त होडी दिवाळीपर्यंत जागेवर राहील असं लेटरहेडवर लिहून द्या, सही-शिक्क्यासह.

“ते कमिटीसमोर ठेवावं लागेल हो.”

“मग टाकीही ठेवा,” मी म्हटलं आणि अंगाला पावडर लावायला गेलो.