‘कुठलीही जाड उशी चालते’ हा सल्ला लहान विमानात चालत नाही

लहान विमानातून मुलाला नेणाऱ्या पालकांमध्ये एक सल्ला खूप फिरतोय: ‘महागड्या बूस्टरवर (मुलाला उंच बसवणाऱ्या बैठकीवर) पैसे घालवू नका. सोफ्याची जाड, मऊ उशी घ्या, नाहीतर कारमधला बूस्टर उचलून ठेवा. मूल जितकं उंच बसेल तितकं चांगलं, बाहेर दिसलं की मळमळत नाही.’ यातला मळमळीचा भाग खरा आहे. क्षितिज दिसत असलं की विमान लागण्याचा त्रास कमी होतो. खर्च टाळण्याची इच्छाही रास्तच आहे. बाकीचं मात्र मुलाच्या जिवाशी खेळणारं आहे.

‘मऊ उशी धक्का शोषून घेते’ हा त्यातला सर्वांत घातक समज. विमान जोरात खाली आपटलं की सीट थांबते, मऊ उशीवरचं मूल मात्र खालीच येत राहतं. फोम पूर्ण चेपला जातो आणि मग ते थांबलेल्या सीटवर आदळतं. नुसत्या सीटवर बसलं असतं त्यापेक्षा मोठा दणका मणक्यांना बसतो, आणि नंतर फोमची उसळी वेगळीच. अमेरिकेत १९८८ पासून नव्या रचनेच्या लहान विमानांच्या सीटची डमी, म्हणजे माणसाच्या आकाराचा पुतळा, बसवून चाचणी घेतात. कमरेच्या मणक्यांवरचा भार १,५०० पौंडांच्या आत राहावा लागतो. ही चाचणी सीटच्या स्वतःच्या गादीसकट होते. वर आपण घरची उशी टाकली की तो सगळा हिशेब बिघडतो.

ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाची विमानं, उडवणाऱ्यांना हे चांगलं माहीत असतं. तिथे मऊ उशी टाळायलाच सांगतात आणि कॉन्फोरसारखा ऊर्जा शोषणारा फोम वापरतात. त्यावर तळहात हळूहळू दाबा, हात आत रुततो. त्याच हाताची मूठ जोरात मारा, फोम कडक लागतो. हाताखाली लगेच सपाट होणारी आणि सोडताच टुणकन वर येणारी उशी सरळ बाजूला ठेवा. एक लक्षात असू द्या, हा फोम थंडीत जास्त कडक होतो, त्यामुळे मूल कुरकुर करेल. पण तेवढ्यासाठी बदली मऊ उशी देऊ नका.

मऊपणाचा दुसरा तोटा बेल्टशी आहे. कमरेचा पट्टा कंबरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर, खाली बसायला हवा. लहान मुलांची ती हाडं अजून नीट वाढलेली नसतात, त्यामुळे पट्टा सहज वर सरकतो. झटक्यात उशी दबली की पट्टा सैल पडतो, मूल त्याखालून पुढे घसरतं आणि सगळा भार पोटावर येतो. म्हणून जमिनीवरच तपासा: पट्टा घट्ट ओढा, मग मुलाचे गुडघे धरून हलकेच पुढे ओढा. पट्टा हाडावरून पोटावर आला, किंवा पूर्ण ओढूनही सैल राहिला, तर ती उशी त्या मुलासाठी नाही.

‘कारचा बूस्टर तर तपासलेला असतो!’ असतो, पण कारसाठी, आणि खांद्यावरून येणाऱ्या पट्ट्यासोबत. तो पट्टा छातीवर नीट यावा म्हणूनच बूस्टर मुलाला उचलतो. अमेरिकी नियमांत लहान विमानांच्या पुढच्या सीटना खांद्याचा पट्टा १८ जुलै १९७८ नंतरच्या विमानांसाठी सक्तीचा झाला, सगळ्या सीटना १२ डिसेंबर १९८६ नंतरच्या. त्याआधीची कितीतरी सेस्ना १७२ विमानं आजही उडतात, आणि त्यांच्या मागच्या सीटवर बऱ्याचदा फक्त कमरेचा पट्टा असतो. अमेरिकी विमान कंपन्यांना तर उड्डाण, लँडिंग आणि धावपट्टीवरच्या हालचालीच्या वेळी मुलाला बूस्टरवर बसू देण्यास मनाई आहे. लहान मुलांसाठीची जी वेगळी सीट (चाइल्ड सीट) विमानात चालते तिच्यावर अमेरिकेत तसं लाल अक्षरांत लिहिलेलं असतं. अगदी लहान मुलाला तशीच सीट लागते, तिची जागा कुठलीही उशी घेऊ शकत नाही. उशीचा विचार करायचा तो चाइल्ड सीटमध्ये न मावणाऱ्या मुलासाठी.

‘जितकं उंच तितकं चांगलं’ हेही चूक. डोळे खिडकीच्या खालच्या कडेच्या वर आले की झालं. त्याहून उंच बसवलं तर डोकं छताजवळ जातं आणि खांद्याचा पट्टा चुकीच्या जागी येतो.

आता खर्चाचं. स्वस्तात काम होतं, फक्त बचत योग्य ठिकाणी करावी. उंचीसाठी खाली घट्ट क्लोज्ड सेल फोमचे थर, व्यायामाच्या चटईत असतो तसा. वर साधारण अडीच सेंटिमीटर ऊर्जा शोषणारा फोम. महाग तो वरचा थरच, आणि तो मुलाच्या सीटपुरताच लागतो. सहज पेट न घेणाऱ्या कापडाचं कव्हर शिवून घ्या आणि तळाला न घसरणारं रबर लावा. ही उशी प्रमाणित सुरक्षा साधन नव्हे, पण सोफ्याच्या उशीपेक्षा कैक पटीने बरी.

मूल पुढे बसणार असेल तर इंजिन सुरू करण्याआधी त्या सीटसमोरचा योक (विमान चालवायचं स्टिअरिंगसारखं हँडल) पूर्ण मागे ओढा आणि दोन्हीकडे पूर्ण फिरवा. तो मुलाच्या पोटाला, मांडीला किंवा उशीला जरा जरी लागला, तर मुलाला मागेच बसवा.