कृपया पाणी घालू नये

आमच्या सांगोल्याकडे तरवड कुणी लावत नाही. तो असतोच. बांधाला, माळावर, एस.टी.च्या रस्त्याकडेला. गुरंसुद्धा सहसा त्याला तोंड लावत नाहीत. त्यामुळे "पुण्यात घरापुढं तरवड लावतोय," असं आईला फोनवर सांगितलं, तेव्हा ती जरा थांबली आणि म्हणाली, "नोकरी बरी चाललीय ना?"

माझं गणित सरळ होतं. एप्रिल आला की इथं पुण्यात आमच्याकडे टँकर येतो आणि गुलाब जातो. तरवड मुरमात येतो, उन्हात पिवळाधमक फुलतो. तेलंगणानं तर त्याला राज्यफुलाचा मान दिलाय!

गावाहून चपट्या, कागदासारख्या शेंगा आणल्या. बी इतकं टणक, की सँडपेपरवर घासून रात्रभर पाण्यात ठेवावं लागतं. घासण्यात माझी नखंच जास्त झिजली. 12 बियांतून 5 रोपं आली.

खरा छळ पुढेच. दुष्काळात तगणाऱ्या झाडाला माणसांच्या मायेपासून वाचवायचं कसं? कामाच्या मावशी भांड्यांचं पाणी घालून जात, "बिचारं सुकलंय" म्हणून. बायको गॅलरीतून मग रिकामा करी. शेजारचे काका स्वतःच्या जास्वंदीबरोबर पाइप इकडंही वळवत. मुळं कुजून 3 रोपं गेली. मग मी पाटी लावली : 'कृपया पाणी घालू नये.'

दुसऱ्या दिवशी काका कुंपणापाशी उभे. "पाणी नाही हो घातलं. ताक घातलं."

चौथं रोप त्या ताकानं गेलं.

पाचव्याभोवती मी विटा रचल्या, जाळी ठोकली आणि रविवारी खुर्ची टाकून राखण बसलो. शेतात हुरडा राखायला कधी बसलो नव्हतो. दुसऱ्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी तो फुलला. काळे भुंगे येऊन फुलाला लोंबकळतात आणि घूंऽऽ करत ते गदागदा हलवतात, तेव्हा आतला पराग सुटतो. मग फिकट पिवळी फुलपाखरं अंडी घालून गेली आणि हिरव्या अळ्यांनी निम्मा पाला फस्त केला. बायको औषधाचा पंप घेऊन निघाली होती, तिलाही अडवली.

आईला फोटो पाठवला. लगेच फोन आला.

"छान आलाय रे. इकडं विहिरीच्या वाटेला नुसता माजलाय. दिवाळीला येशील तेव्हा कोयता घेऊन ये."