खुलासा : डोरोथी गॅरड आणि केंब्रिजच्या पदव्या

पुण्यातील इतिहासप्रेमींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक संदेश फिरत आहे. पुरातत्त्वज्ञ डोरोथी गॅरड १९३९ मध्ये केंब्रिजच्या प्राध्यापक झाल्या आणि त्यामुळे तेथील स्त्रियांना त्याच वर्षी पूर्ण पदव्या मिळू लागल्या, तसेच कार्मेल पर्वतावरील (आजच्या इस्रायलमधील) तबून गुहेतील निअँडरथल या प्राचीन मानवजातीतील स्त्रीची कवटी त्यांनी एकटीने शोधली, असे त्यात म्हटले आहे.

गॅरड यांना १९३९ मध्ये केंब्रिजमधील पुरातत्त्वशास्त्राचे डिझ्ने अध्यासन (प्राध्यापकपद) मिळाले आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजमधील त्या पहिल्या स्त्री प्राध्यापक ठरल्या, एवढे खरे आहे. मात्र केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी व सदस्यत्व दिले ते १९४८ मध्ये, याची नोंद विद्यापीठाच्याच इतिहासात आहे. म्हणजे मधली नऊ वर्षे प्राध्यापकपदावर असलेल्या या विदुषीला विद्यापीठाच्या कारभारात मताचा अधिकार नव्हता. ही नऊ वर्षे पुसली, तर त्यांनी सोसलेला अन्यायही पुसला जातो.

कवटीबाबत त्या उत्खननात काम केलेल्या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ जॅकेटा हॉक्स यांच्या आठवणी उपलब्ध आहेत. कार्मेल पर्वतावरील उत्खननात गॅरड यांनी जवळच्या गावांतील अनेक स्त्रियांना कामावर घेतले होते. त्यांपैकी युसरा या पॅलेस्टिनी स्त्रीच्या नजरेस आधी एक दात पडला आणि त्यावरून चिरडलेली कवटी हाती लागली. उत्खननाचे नेतृत्व निःसंशय गॅरड यांचे होते, पण युसराचे नाव वगळणे मला योग्य वाटत नाही.

कृपया मूळ संदेश पुढे पाठवू नये, आणि आधीच पाठवला असल्यास त्याच गटात ही दुरुस्ती द्यावी.