नाइन्टी म्हणजे ‘थोडी’ नव्हे

“हिपॅटायटिस बी-सी असला तरी रोज थोडी घेतली तर चालते, रक्त साफ राहते, मोहाची तर औषधीच.” यवतमाळकडच्या आमच्या गावांत सध्या हा मेसेज मोबाइलवर फिरतोय. माझ्या मोठ्या भावाला रक्तदान शिबिरात हिपॅटायटिस बी, म्हणजे लिव्हरला सूज आणणारा विषाणू, निघाला, तेव्हा पारावर त्यालाही हेच ऐकवलं होतं : “थोडीशी घेतली तं काई होत नाई गा.”

आधी ‘थोडी’ किती ते पाहू. आपल्याकडे थोडी म्हणजे नाइन्टी. ४२.८ टक्क्यांच्या ९० मिली व्हिस्कीत जवळपास ३० ग्रॅम अल्कोहोल असतं. डॉक्टरी हिशेबात एक ड्रिंक १० ग्रॅमचं, म्हणजे ही तीन झाली. आणि विषाणू असलेल्या लिव्हरसाठी एकही सुरक्षित नाही. विषाणूनं तिथं आधीच सूज आणलेली असते, त्यात दारू पचवताना तयार होणारं अॅसिटाल्डिहाइड पेशींना जाळतं. जखम भरते न भरते तोच दुसरी, असे व्रण साचत सिरोसिस होतो, म्हणजे लिव्हर कडक होऊन निकामी होत जातं, पुढं कॅन्सरचाही धोका वाढतो.

मोहफुलं पहाटे वेचायला मीही गेलेय, त्याचे लाडू खाऊनच वाढलेय. पण सडवून भट्टीवर चढवलं की उतरतं ते तेच अल्कोहोल, आणि किती कडक ते कुठं लिहिलेलं नसतं. रक्त साफ करायचं कामही लिव्हरचंच.

“रिपोर्ट नॉर्मल आहे” हा आधारही कच्चा. एसजीपीटी ही लिव्हरची रक्ततपासणी नॉर्मल असतानाही आत व्रण वाढू शकतात, आणि लिव्हर बहुधा दुखत नाही. भावाच्या पायावर सूज येऊन संध्याकाळी चपलेच्या पट्ट्याचा खोल वळ दिसायला लागला, तेव्हा लिव्हर बिघडल्याचं आम्हाला कळलं.

थोडी दारू हृदयाला बरी, असं सांगणाऱ्या जुन्या अभ्यासांपैकी अनेकांत ‘न पिणाऱ्यां’मध्ये आजारपणामुळं सोडलेलेही मोजले होते. मग पिणारे धडधाकट दिसणारच!

२०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात बी-सीची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यांतून मोफत आहेत. सी तर बहुतेकांचा १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी जातो. बी सहसा जात नाही, पण आटोक्यात राहतो. भावानं डॉक्टरांपासून पिणं लपवलं होतं. तुम्ही लपवू नका, पिता म्हणून उपचार अडत नाहीत. मात्र रोज भरपूर पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम सोडू नये, हातपाय थरथरतात, झटकेही येतात. तेही डॉक्टरांना सांगूनच करा.