पाऊण टनाची काटकसर

रस्त्यात घोड्याची नाल सापडली म्हणून एकाने घोडा विकत घेतला, ही गोष्ट मी लहानपणी ऐकली होती. त्यातला माणूस मूर्ख आहे, हे मात्र मला कोणी फोडून सांगितलं नाही. मला वाटायचं, नाल तर फुकट मिळाली ना!

माझी नाल २८ फुटी होती. २०११ च्या वसंतात कॅनडात, कॅल्गरीतल्या आमच्या गल्लीतले एक शेजारी घर विकून समुद्रकाठी राहायला निघाले आणि त्यांचा ट्रॅव्हल ट्रेलर त्यांना नकोसा झाला. ट्रेलर म्हणजे चाकांवरचं बिऱ्हाड. पलंग, शेगडी, फ्रीज, आणि एक संडास, ज्यात शिरल्यावर एकतर दार लावता येतं किंवा वळता येतं. किंमत अशी, की नाही म्हणणं हा कोथरूडच्या संस्कारांचा अपमान झाला असता. बायकोने विचारलं, "ओढणार कशाने?" मी म्हणालो, "ते बघू." आमच्या संसारातले सगळे मोठे खर्च याच दोन शब्दांनी सुरू झालेले आहेत.

बेत मोठा होता. उन्हाळ्यात सासू-सासरे पुण्याहून येणार, मग सहा जणांनी ट्रेलर घेऊन अमेरिकेची सीमा ओलांडायची, माँटाना राज्यातून थेट यलोस्टोनचं राष्ट्रीय उद्यान गाठायचं. दारात होती ती एक छोटी सेडान. तिच्यामागे तो ट्रेलर लावणं म्हणजे शेळीला उसाच्या गाडीला जुंपणं.

गावातल्या एका विक्रेत्याने मला अर्ध्या टनाचा पिकअप दाखवला. "हा काहीही ओढतो," तो म्हणाला. इकडे पिकअपच्या जाती अर्धा टन, पाऊण टन आणि एक टन अशा लागतात. ही नावं जुन्या काळची. आजचा अर्धा टनवाला अर्ध्या टनाहून जास्तच भार घेतो. पण ओढणं वेगळं आणि वाहणं वेगळं, हे त्या विक्रेत्याने सांगितलं नाही. ते मला ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पिवळ्या पट्टीच्या स्टिकरने सांगितलं. माणसं आणि सामान मिळून ६४० किलो, बास.

आता ट्रेलर मागे असला तरी त्याची जीभ आपल्या गाडीवर टेकलेली असते. हो, जीभच म्हणतात. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के वजन त्या जिभेवर यावं लागतं. कमी आलं तर ट्रेलर सापासारखा वळवळतो. आमचा ट्रेलर भरून ३२०० किलो. १२ टक्के धरले तर ३८५ किलो जिभेलाच गेले. उरले २५५. त्यात मी ८६, दोन मुलं मिळून ६९. राहिलेल्या १०० किलोंत बायको, सासू, सासरे, कुकर आणि आंबेमोहराची थैली बसवायची होती.

हिशोब पुरा करायला बायकोचं वजन लागणार होतं. मी ते विचारलं. शास्त्रीय कारणासाठी विचारलं, स्टिकर दाखवून विचारलं. तरीही त्या संध्याकाळी जेवायला खिचडी होती, आणि पापड नव्हता.

मग स्काइपवर नानांचा, म्हणजे सासऱ्यांचा, सल्ला घेतला. नाना कोथरूडच्या किर्लोस्कर कमिन्समध्ये, म्हणजे डिझेल इंजिनांच्या कारखान्यात, ३१ वर्षं टूलरूममध्ये होते. घरात भिंतीवर फोटो लावायचा तरी ते आधी लेव्हल लावून बघतात.

"पिकअप?" ते म्हणाले. "कांदे न्यायचेत का मार्केट यार्डात?"

मी यलोस्टोन, चढ, जीभ, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "इंजिन कुणाचं?"

"पाऊण टनाच्या डॉज रॅममध्ये कमिन्सचं येतं. ६.७ लिटर, सहा सिलिंडर, डिझेल."

स्काइप अडकलं असं वाटण्याइतका वेळ ते गप्प राहिले. "मग आम्हाला काय विचारता, जावईबापू?"

गाडी ठरली. आता काटकसर उरली होती. त्या वर्षी कॅनडाचा डॉलर अमेरिकेच्या डॉलरच्या खांद्याला खांदा लावून उभा होता, मधूनमधून टाचाही उंचावत होता. (इथे डॉलरला लूनी म्हणतात, नाण्यावर लून नावाचा पक्षी आहे म्हणून. इंग्रजीत लूनी म्हणजे चक्रमही, पण तो विकत घेणाऱ्यांबद्दल त्यात काही सुचवलेलं नाही.) तरीही तीच गाडी सीमेच्या खाली स्वस्त. माँटानात विक्रीकर नाही, आमच्या अल्बर्टात प्रांताचा विक्रीकर नाही. माँटानातल्या ग्रेट फॉल्सला २००८ सालची एक लाल रॅम २५०० मला सापडली, कॅल्गरीच्या भावापेक्षा सात हजारांनी कमी. अंतर जेमतेम ५०० किलोमीटर. पुण्याच्या माणसाने तेवढ्यासाठी चितळ्यांचा रविवारही सोडला असता.

गाडी अमेरिकेबाहेर काढायची तर तिचं टायटल, म्हणजे आपल्या आरसी बुकाचा चुलतभाऊ, ७२ तास आधी अमेरिकन कस्टमकडे पोचवावं लागतं. मग गाडी आणि कागद दोन्ही त्यांच्यासमोर उभे करायचे आणि शिक्का घ्यायचा. मी बुधवारी दुपारी विक्रेत्याकडून टायटल फॅक्स करवलं. बोटांवर मोजलं: गुरुवार, शुक्रवार, शनिवार. शुक्रवारी एका मित्राने मला गाडीने ग्रेट फॉल्सला सोडलं, पाठीवर थाप मारली आणि तो परत गेला.

दुकानात माझ्याशेजारी मोठी टोपी घातलेला एक गृहस्थ बसला होता. त्याने माझ्या कागदांकडे नजर टाकली. "पाऊण टन घेताय? किती डोकी आहेत तुमच्याकडे?"

"सहा," मी म्हणालो. "त्यांतली दोन सासरची."

तो गुरांबद्दल विचारत होता, हे मला सही करताना कळलं. त्याने पुढे काही विचारलं नाही, पण निघताना टोपीला हात लावून गेला.

गाडी मात्र देखणी होती. किल्ली फिरवली आणि खाली काहीतरी जागं झालं. एसटीच्या पहाटेच्या गाडीत शेवटच्या बाकावर बसल्यावर पोटात जे होतं, ते झालं. शनिवारी दुपारी बारा वाजून पाच मिनिटांनी, म्हणजे ७२ तास आणि वर पाच मिनिटं उलटून, मी सीमेवरच्या स्वीटग्रासच्या नाक्यावर दाखल झालो. निर्यातीची खिडकी बंद होती. शनिवार-रविवार सुट्टी. तास पुरे झाले होते. ते मोजणारा माणूस घरी गेला होता.

मागे फिरलो आणि ३५ मैलांवरच्या शेल्बी गावात दोन रात्री काढल्या. शेल्बीसारखं गाव माझ्यासारख्या माणसाला शिक्षा म्हणून दिलं जात असावं. ४ जुलै १९२३ रोजी या एवढ्याशा गावाने जॅक डेम्प्सी आणि टॉमी गिबन्स यांची मुष्टियुद्धातली जागतिक हेवीवेट विजेतेपदाची लढत भरवली होती. गावाचं नाव होईल, जमिनींचे भाव चढतील, असा हिशोब. ४०,००० लोकांसाठी लाकडी रिंगण उभारलं, तिकीट काढून आले ७,००० च्या आसपास. डेम्प्सी १५ फेऱ्यांनंतर गुणांवर जिंकला आणि गावातल्या बँका बुडाल्या. मी मोटेलच्या खिडकीतून लाल गाडीकडे बघत ही हकिगत वाचली आणि दोन रात्रींचं भाडं सात हजारांतून वजा केलं. गावाबद्दल मला फार आपुलकी वाटली.

सोमवारी अमेरिकेचा शिक्का मिळाला. शंभर पावलांवर कॅनडा. तिथल्या अधिकारी बाईंनी चासीचा नंबर पाहिला. नंबर तीनने सुरू होत होता, म्हणजे जन्म मेक्सिकोचा. एक, चार, पाच अमेरिकेचे, दोन आमचा. उत्तर अमेरिकेतल्या या तिन्ही घरांपैकी कुठलंही माहेर असलं की तेव्हा आयात शुल्क माफ होतं. जपानी असती तर ६.१ टक्के. मेक्सिकोच्या साल्तियोत जन्मलेली, माँटानात नांदलेली, कोथरूडच्या माणसाने पसंत केलेली ही गाडी बिनशुल्क आत येत होती. मला भरून आलं.

"पाच टक्के जीएसटी," बाई म्हणाल्या. "आणि एसीचे शंभर डॉलर."

"कसले?"

"गाडीत एसी आहे ना? त्यावर कर आहे."

ज्या देशात मी वर्षातले सात महिने कानटोपी घालून फिरतो, तिथे मला गार हवेचा कर पडला होता. भरला. पुढे आयात नोंदणीची फी, ४५ दिवसांच्या आत तपासणी, आणि ती पास व्हायला दिवसा पेटणारे दिवे. १९८९ च्या डिसेंबरपासून इथल्या नव्या गाड्यांना ते सक्तीचे आहेत, अमेरिकेत नाहीत. त्यांची जोडणी वेगळी, प्रांताची तपासणी वेगळी. वजाबाकीची वही मी साधारण इथे मिटली. ती अजून कपाटात वरच्या फळीवर आहे, बायकोचा हात पोचत नाही तिथे.

घरी आल्यावर कळलं की गाडी गॅरेजमध्ये जात नाही. नाक आत गेलं की शेपूट बाहेर. म्हणजे हिवाळ्यात हिने अंगणातच राहायचं, आणि इंजिन गोठू नये म्हणून घरातून वायर ओढून रात्रभर त्याच्या हीटरला वीज द्यायची. दारात दाव्याला बांधलेली म्हैस, दुसरं काय.

पण ट्रेलर जोडला तो क्षण! आधीच्या मालकाने गाडीच्या हुकावर लोखंडी गोळा ठेवलेला होता. ट्रेलरच्या तोंडाची वाटी त्यावर उतरवली आणि ती अलगद बसली. मी लॅपटॉप अंगणात आणून नानांना सोहळा दाखवला. आधी इंजिन ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, मान हलवली. मग गोळा दाखवला.

"किती सहज बसला बघा, नाना!"

"का सहज बसला?"

असं का कुणी विचारतं? मी वाटी हलवून दाखवली. ती हलली. कडेकडेने खुळखुळली.

"वाटीवर माप कोरलेलं असेल. वाच."

कोरलेलं होतं. दोन पूर्णांक पाच सोळांश इंच. गोळ्याच्या डोक्यावरही होतं. दोन इंच.

"खड्ड्यात गेलात की ट्रेलर उडून सुटला असता," नाना म्हणाले. "आणि आत आम्ही चहा करत असतो."

चालत्या ट्रेलरमध्ये कोणी बसत नाही, हे सांगायची ती वेळ नव्हती. मागे पायरीवर बायको उभी होती. कपाटातली वही तिच्या हातात होती. स्टूल घेऊन काढली असणार.

"फक्त आठ मिलिमीटरचा फरक आहे हो," मी म्हणालो.

"सात पूर्णांक चौऱ्याण्णव," नाना म्हणाले.