गार्टर सापाची पिल्लं, फ्रिज आणि नानेटी: एका सर्पमित्राच्या आक्षेपांना उत्तर

नमस्कार दादा,

रात्री-अपरात्री लोकांच्या गोठ्यातून, विहिरीतून साप काढून रानात सोडणाऱ्या माणसाला माझ्या ‘घरच्या घरी गार्टर सापांची वीण’ या लेखाचं शीर्षक बघून राग आला, यात नवल नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मादीला उपाशी ठेवून फ्रिजमध्ये कोंबलं, पिल्लं जन्मल्याजन्मल्या आईपासून तोडली, डब्यांत डांबली, आणि हे वाचून आपल्याकडची पोरं रानातली नानेटी, म्हणजे आपल्याकडचा पट्टेरी साप, बरणीत भरून घरी नेतील. शिवाय शेवटी विचारलंत, एवढ्या पिल्लांचं पुढे करता काय?

नानेटीच्या बाबतीत मी पूर्णपणे तुमच्या बाजूची आहे. भारतात रानातला साप धरून घरात ठेवणं हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे, आणि तो तसाच असावा. अंगावरच्या पट्ट्यांमुळे नानेटी गार्टरची बहीण वाटते, दोघी एकाच कुळातल्याही आहेत. पण नानेटी अंडी घालते आणि गार्टर थेट पिल्लं देते. माझ्या लेखातली एकही कृती तिला लावायची नाही. हे वाक्य आता लेखाच्या अगदी वर टाकलं आहे. मी इंग्लंडमध्ये राहते. इथे पाळले जाणारे गार्टर मूळचे उत्तर अमेरिकेतले, पण माझ्याकडचे पाळीव आई-बापांच्या पोटी जन्मलेले आहेत, रानातून धरलेले नाहीत.

आता फ्रिज. कॅनडातल्या मॅनिटोबात नार्सिस नावाच्या गावाजवळ चुनखडीच्या कपारींत हजारो गार्टर एकत्र हिवाळा काढतात. वर्षाचा निम्म्याहून जास्त काळ ते जमिनीखाली असतात आणि त्या काळात काही खात नाहीत. वसंतात वर आले की तिथेच जुगतात. तिथल्या लाल बाजूंच्या गार्टरवर झालेल्या संशोधनात दिसलं की नराची प्रणयाची ओढ त्या वेळच्या टेस्टोस्टेरॉन या नर-संप्रेरकावर अवलंबून नसते. लांबलेल्या थंडीनंतर मिळणारी ऊब तिला जागं करते. म्हणून मी थर्मोस्टॅट (तापमान ठरावीक राखणारं यंत्र) लावलेल्या वेगळ्या फ्रिजमध्ये १० अंशांच्या आसपास दोन-अडीच महिने साप ठेवते. आत पाण्याची वाटी असते, हवा खेळती असते, आणि अधूनमधून वजन बघते. त्याआधी दोन आठवडे खाणं बंद करते, कारण थंडीत पचन थांबतं आणि पोटात राहिलेलं अन्न कुजलं तर साप मरतो. तुम्ही ज्याला उपासमार म्हणालात ती ही काळजी आहे. काहीजण थंडी न देताही वीण घेतात. पण मादी हाताला हलकी लागत असेल, तर तिला थंडीही नाही आणि नरही नाही, यावर मी ठाम आहे. गाभणपणाचे दोन-तीन महिने तिच्या अंगावरच्या चरबीवर जातात, आणि शेवटच्या दिवसांत पुष्कळ माद्या खाणं सोडून नुसत्या उबेला पडून राहतात.

पिल्लं आईपासून तोडली, हे वाचून वाईट वाटलं, कारण तिथे तोडण्यासारखं काही नसतंच. पिल्लू पातळ, पारदर्शक पडद्यात बाहेर येतं. आत गुंडाळलेलं ते अंग ताणतं, नाक पडद्याला लावून ढकलतं, पडदा फाटतो आणि पहिला श्वास घेतल्यावर ते तोंड चांगलं मोठं वासतं. थोड्या वेळात ते ओल्या शेवाळाखाली शिरलेलं असतं. लांबी साधारण १५ ते २० सेंटीमीटर, वजन दोनेक ग्रॅम. पहिली कात बहुतेकदा एक-दोन दिवसांत पडते, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. आई वळूनही बघत नाही. पाजणं नाही, राखणं नाही. उलट कित्येक आठवडे उपाशी असलेल्या मादीपुढे मासा टाकला की त्याच वासाचं वळवळणारं पिल्लूही तिच्या तोंडात जाऊ शकतं. त्यांना वेगळं करायचं ते यासाठी.

आणि खरं काम इथून पुढे सुरू होतं. गार्टरला एका वेळी दहापासून चाळीसपर्यंत पिल्लं होतात, कधी त्याहूनही जास्त. प्रत्येकाला आठवड्यातून दोन-तीनदा, प्रत्येकाच्या घशाच्या मापाचं भरवायचं. मी मोठं गांडूळ धुऊन त्याचे बारीक तुकडे करते आणि बरणीच्या झाकणात ठेवते. पिल्लू जीभ लपकवत येतं, तुकड्यावर थांबतं, मग डोकं आडवं करून झडप घालतं आणि अंग पिळत तो आत ओढतं. शेणखतातली लाल गांडुळं मात्र द्यायची नाहीत, त्यांच्या अंगातला द्रव सापांना बाधतो. मासा द्यायचा तर ट्राउट किंवा सॅमन. गोल्डफिश आणि स्मेल्टमध्ये थायमिनेज असतं, ते ब-१ जीवनसत्त्व नष्ट करतं. त्यांच्यावरच वाढवलेलं पिल्लू काही काळाने डोकं डोलवू लागतं, तोल सोडतं, झटके येऊन मरतं. दुकानात ‘सापांसाठी मासे’ म्हणून काहीही विकलं जातं, त्यामुळे हे पुन्हा पुन्हा लिहावंसं वाटतं.

डब्यांबद्दल. पिल्लं माझ्याकडे लहान गटांत राहतात. कॅनडातल्या विल्फ्रिड लॉरिए विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी २०२० साली दाखवलं की लहान वयाचे गार्टर सोबत शोधतात, आणि काही ठराविक सोबतीच पसंत करतात. तुम्हाला दिसले ते वेगळे डबे फक्त जेवणापुरते. एकाच गांडुळाची दोन टोकं दोन पिल्लांनी धरली, तर कुणीही सोडत नाही. तोंडाला तोंड भिडलं की ज्याचा जबडा वरचढ तो भावंडालाच गिळायला लागतो, आणि मग दोघंही जाऊ शकतात. म्हणून शेवटचा घास घशाखाली उतरून तोंडाचा वास जाईपर्यंत मी त्यांना एकत्र सोडत नाही. काही पिल्लं खातच नाहीत. त्यांना छोटा डबा, जास्त ओलावा, गांडुळाचा रस लावलेला माशाचा तुकडा, एवढं करून बघते. तोंडात कोंबत नाही. त्यातली काही दगावतात, हे खरं आहे.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, आणि यावर तुम्ही अडून बसलात ते बरोबरच आहे. इंग्लंडमध्ये परका प्राणी रानात सोडणं १९८१च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे ‘जास्त झाली तर सोडून देऊ’ ही सोय नाही. पिल्लू नीट खायला लागून दोन-तीनदा कात टाकेपर्यंत मी ते कुणाला देत नाही. घेणाऱ्याची पेटी आधी बघते, ऊब एका टोकाला आणि गारवा दुसऱ्या टोकाला आहे का हे बघते, आणि नाही जमलं तर परत घेण्याचं कबूल करते. पिल्लांसाठी पुरेशी घरं आधी ठरलेली नसतील तर वीण घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. रंगीत पिल्लांना भाव येतो म्हणून दरवर्षी मादी नराखाली घालणाऱ्यांशी माझं यावरून वाजतंच.

मागच्या विणीतली काही पिल्लं अजून माझ्याकडेच आहेत. त्यामुळे या वसंतात नर आणि मादी वेगळ्या पेट्यांत आहेत. गार्टरची मादी आधीच्या जुगण्याचे शुक्राणू साठवून ठेवू शकते, म्हणून यंदाही पिल्लं होणारच नाहीत असं म्हणता येत नाही. झालीच तर त्यांचे डबे आणि शेवाळ तयार ठेवलं आहे.